झी हॉरर शो आणि आहट: आज दाखवायचं तर काय टिकतं, काय फसतं?

कंदील

नमस्कार मंडळी,

आमच्या फिल्म क्लबात दोन तासांचा एक कार्यक्रम ठरतोय. विषय: नव्वदच्या दशकातल्या कमी खर्चाच्या भुताखेतांच्या मालिका. 'झी हॉरर शो' आणि 'आहट'चा पहिला मोसम, एवढंच घ्यायचं आहे. प्रेक्षक बहुतेक अठरा ते बावीस वयाचे, म्हणजे या मालिका सुरू झाल्या तेव्हा जन्मालाही न आलेले.

भाग चाळताना एक गोष्ट सारखी खटकते. एखादं दृश्य अजूनही घट्ट पकड घेतं आणि पुढच्याच मिनिटाला सगळं ढासळतं. बंगला तोच, नट तेच, मुखवटाही तोच. मग मधल्या मध्ये बिघडतं काय? 'तेव्हा पैसा नव्हता' हे उत्तर पुरत नाही, कारण जे दृश्य जमलंय त्यालाही पैसा नव्हताच.

या मालिका बारकाईने पाहिलेल्यांनी सांगावं: कुठे जमतात, कुठे फसतात आणि कशामुळे? दुसरं, दाखवताना काय काळजी घ्यायची? जुन्या टेपवरून उतरवलेलं चित्र मोठ्या पडद्यावर राखाडी दिसतं, आवाज चिरका येतो. मुलं हसली म्हणून त्यांना दोष देण्यापेक्षा दाखवणं नीट करावं असं वाटतं.

तिरपा_उजेड

चांगला विषय काढलात. माझं मत आधीच सांगतो: 'झी हॉरर शो' ही उजेडाची मालिका आहे. उजेड एका बाजूने येतो तिथे ती आजही भीती घालते, दोन बाजूंनी येतो तिथे पडते.

नेहमीचा प्रसंग घ्या. रात्र, मोठा दिवाणखाना, जिना, एक उंच खिडकी. खिडकीबाहेर एक दांडगा दिवा, त्यावर निळा जेल (दिव्यापुढे लावायचा रंगीत पारदर्शक कागद), आणि खोलीत धूर. धुरामुळे उजेडाचा झोत डोळ्यांना दिसतो आणि मागची भिंत विरून जाते. भिंतच दिसत नाही म्हटल्यावर ती दगडाची की प्लायवूडची हा प्रश्न उरत नाही. नटी त्या झोताच्या कडेकडेने चालते, अर्धा चेहरा उजेडात, अर्धा काळोखात. या सगळ्याला खर्च किती? एक दिवा, एक जेल, एक धुराचं मशीन. तरी ती चाळीस सेकंदं आजही बघवत नाहीत, आणि हे मी कौतुकाने म्हणतोय.

आता बिघडतं कसं ते बघा. निळा जेल दिव्याचा निम्म्याहून जास्त उजेड अडवतो. गडद निळा असेल तर आणखी बराच. तेवढ्या उजेडात त्या काळच्या व्हिडिओ कॅमेऱ्याला चेहरा नीट सापडत नाही. मग युनिटपुढे दोनच वाटा. एक, कॅमेऱ्याचा गेन (विजेने उजळपणा वाढवायची सोय) वाढवायचा, म्हणजे चित्रभर बारीक ठिपक्यांच्या मुंग्या. दोन, समोरून एक दिवा द्यायचा. दर आठवड्याला भाग द्यायचा असतो, समोरचा दिवा दोन मिनिटांत लागतो, त्यामुळे तोच लागतो. आणि तो लागला रे लागला की मागच्या भिंतीवर एकाच माणसाच्या दोन सावल्या पडतात. चांदण्यात दोन सावल्या पडत नाहीत. प्रेक्षकाला हे शब्दांत सांगता येत नसेल, पण डोळ्याला कळतं की ही रात्र नाही. फसलेला प्रसंग थांबवा आणि नटाकडे न बघता भिंतीकडे बघा. बहुतेक वेळा दोन सावल्या सापडतील.

वेळेच्या घाईचं आणखी एक कारण विसरलं जातं. झी टीव्ही ऑक्टोबर १९९२ मध्ये सुरू झाली तेव्हा खासगी वाहिन्यांना भारतातून अपलिंकिंगची, म्हणजे उपग्रहाकडे प्रक्षेपण पाठवायची, मुभा नव्हती. प्रक्षेपण हाँगकाँगहून व्हायचं, टेप तिकडे पाठवावी लागायची. म्हणजे भाग प्रक्षेपणाच्या कितीतरी आधी हातावेगळा झालेला हवा. सिनेमात चुकलेला शॉट पुन्हा घेता येतो, इथे त्याला सवड नाही.

पण 'झी हॉरर शो' बनवणाऱ्या रामसे मंडळींना, म्हणजे भयपटवाल्या रामसे बंधूंना, कमी साधनांत काम करणं नवं नव्हतं. १९७२ चा 'दो गज ज़मीन के नीचे' त्यांनी महाबळेश्वरला जाऊन केला. घरातच सगळी खाती: कुमार लेखनाला, गंगू कॅमेऱ्याला, किरण ध्वनीला, अर्जुन संकलनाला, तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला. सेट उभारण्यापेक्षा असलेली वास्तू गाठायची, जे दाखवायचं नाही ते अंधारात ढकलायचं, ही वीस वर्षांची सवय १९९३ च्या ऑगस्टमध्ये 'दस्तक' या पहिल्या कथेपासून (पंकज धीर, अर्चना पूरण सिंग) टीव्हीवर आली. अडचण एवढीच की सिनेमाच्या फिल्मवर काळोखात जितक्या छटा उरतात तितक्या टीव्हीच्या चित्रात उरत नाहीत. काळोख एक तर चिखल होतो, नाही तर समोरून दिवा मारून मारावा लागतो.

धुराबद्दल एक. लांबचा शॉट आणि जवळचा शॉट यांच्यात धूर कमीजास्त झालेला दिसतो, तोही विश्वास घालवतो. लांबचा शॉट आधी होतो, मग दिवे हलवायला अर्धा तास जातो, तोवर धूर बसलेला असतो. मशीनचा धूर वर चढतो आणि पसरतो. कोरड्या बर्फाचा धूर जड, तो गुडघ्याच्या खालीच राहतो. स्मशानाच्या दृश्यात आधी गुडघ्याखालचा धूर आणि लगेच पुढच्या शॉटमध्ये कमरेवरचा दिसला की समजायचं, दोन वेगळ्या वेळी, दोन वेगळ्या साधनांनी काढलंय.

रातकिडा

तिरपा_उजेड, सावल्यांचं निरीक्षण शंभर टक्के मान्य. पण मालिका उजेडाची आहे हे मान्य नाही. चित्र बंद करून नुसता आवाज ऐका, तरी बऱ्याच प्रसंगांत पोटात गोळा येतो. आवाज बंद करून नुसतं चित्र बघा, काहीच होत नाही. अजित सिंग यांचं शीर्षकसंगीत आठवणारे हजार लोक भेटतील, त्यातल्या एकालाही कथा आठवत नसते. 'पुराना मंदिर'चं (१९८४) संगीतही त्यांचंच, म्हणजे हा माणूस नवखा नव्हता.

आवाजात जमतं कुठे: जिथे काहीतरी थांबतं. रात्रीच्या दृश्याखाली किड्यांची किरकिर चालू असते, कुणाचं लक्षही नसतं. ती अचानक तुटते. पडद्यावर काहीही बदललेलं नसतं, तरी माणूस ताठ होतो. गावाकडे वाढलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. कोणी जवळ आलं की किडे गप्प होतात. फुकटातलं साधन आहे, फक्त एक ट्रॅक कापायचा.

फसतं कुठे: जिथे संगीत थांबतच नाही. वीस मिनिटं सिंथेसायझरची घरघर चालू ठेवली तर शेवटच्या दणक्याला चढायला जागाच उरत नाही. दणका मोठा वाटायचा तर आधी निदान तीन-चार सेकंद जवळजवळ शांतता हवी. नव्वदच्या दशकातल्या मालिकांना शांततेची भीती वाटायची, कारण हातात रिमोट आला होता आणि गप्प वाहिनी लोक बदलतात असा समज होता. त्या भीतीने भुताची भीती खाल्ली.

दणक्याची जागाही बघा. आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. दणका हात दिसण्याच्या फ्रेमवरच पडला, किंवा एक-दोन फ्रेम मागून आला, तर दचकायला होतं. आठ-दहा फ्रेम आधी पडला तर तो इशारा ठरतो: प्रेक्षक सावध होतो आणि हात बघताना शांत असतो. घाईघाईच्या संकलनात हे सर्रास झालेलं आहे.

आणखी एक कमजोरी म्हणजे डबिंग. संवाद छोट्या बंद खोलीत ध्वनिमुद्रित होतात, त्यात दिवाणखान्याचा घुमारा नसतो. पडद्यावर बाई वीस फूट लांब जिन्यावर उभी आणि आवाज कानाशी. थोडा प्रतिध्वनी मिसळला असता तर निभावलं असतं. काही भागांत तो मिसळलाय, पण सगळ्यांनाच सारखा, त्यामुळे बागेतली माणसंही विहिरीतून बोलल्यासारखी वाटतात.

कंदील, तुमच्यासाठी कामाचं: आवाज ब्लूटूथने देऊ नका. त्यात सहज शंभर-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर होतो, म्हणजे पाच फ्रेमपर्यंत. दणका उशिरा पडला की खेळ संपला. वायरने जोडा. मूळ आवाज मोनो (एकाच स्पीकरपुरता) आहे, तो डाव्या-उजव्या कोपऱ्यांत फेकू नका, पडद्याच्या बरोबर खाली एक चांगला स्पीकर ठेवा, ज्याला खालचे सूर झेपतात. लॅपटॉपच्या स्पीकरमधून घरघर येतच नाही, उरते ती फक्त किंचाळी. म्हणूनच तुम्हाला आवाज चिरका वाटतोय. आणि पातळी ठरवताना संवाद ऐकून ठरवा, शीर्षकसंगीत ऐकून नको. शीर्षक मोठं असतं, त्यावरून कमी केलंत तर संवाद कुजबुज होतील.

पिंपळपार

दोघांचंही वाचलं. प्रकाश, ध्वनी सगळं खरं, पण मूळ दुखणं लांबीचं आहे, आणि त्यावर कुणी बोलत नाही.

हिशेब करा. अर्ध्या तासाच्या भागातून जाहिराती काढल्या की उरतात २२ मिनिटं. 'झी हॉरर शो'ची कथा चार-पाच आठवडे चालायची. पाच भाग म्हणजे ११० मिनिटं, जवळजवळ पूर्ण सिनेमा. पण सिनेमासारखी रचना नाही, कारण प्रत्येक भागाच्या शेवटी एक दचका द्यावाच लागतो, नाही तर पुढच्या आठवड्यात कोण बघणार? कथेत तितके खरे दचके नसतात. मग खोटे येतात: मांजर उडी मारतं, खांद्यावर मित्राचा हात पडतो, पडदा हलतो. खोटा दचका एकदा चालतो. दुसऱ्यांदा प्रेक्षक शहाणा होतो. तिसऱ्यांदा खरं भूत आलं तरी तो मांजराचीच वाट बघत असतो. त्यात दर भागाला शीर्षक आणि मागील भागाची उजळणी, मिळून तीनेक मिनिटं.

'आहट' माझ्या मते इथेच सरस. ५ ऑक्टोबर १९९५ ला सोनी वाहिनीवर सुरू झाली, सुरुवातीच्या कथा दोन भागांत आटोपायच्या. ४४ मिनिटं, मध्ये प्रेक्षकाला अडकवून ठेवणारा एकच थांबा. लेखकाला तो एक क्षण नीट शोधावा लागतो. शिवाय पहिल्या मोसमात बऱ्याच कथांचा पाया गुन्ह्याचा आहे. कोणीतरी कुणाला तरी मारलेलं असतं आणि भूत हा त्याचा हिशेब असतो. त्यामुळे भुताचं तोंड न दाखवताही कथा चालते. 'आहट'चे कर्ते बी. पी. सिंग हे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून छायाचित्रण शिकलेले, मग मुंबई दूरदर्शनवर कॅमेरामन. मराठी माणसांना त्यांची ओळख 'आहट'च्याही आधीची आहे: 'एक शून्य शून्य' ही मराठी तपासमालिका, त्यात शिवाजी साटम आणि दीपक शिर्के. तपासकथेची ती शिस्त 'आहट'मध्ये उतरली आहे. कोण कुठे होतं, कुणाला काय माहीत होतं, हे प्रेक्षकाला कळेल अशा बेताने कॅमेरा ठेवलेला असतो. याच माणसाने पुढे २००४ मध्ये 'सीआयडी'चा १११ मिनिटांचा भाग एका सलग शॉटमध्ये काढला. ज्याला जागेचा नकाशा डोक्यात ठेवता येतो त्यालाच ते जमतं, आणि भयकथेत जागेचा नकाशा फार महत्त्वाचा. दार कुठे आहे हे प्रेक्षकाला ठाऊक नसेल तर दाराकडे पाठ केलेल्या माणसाची काळजी तो कशी करणार?

दुसरा मुद्दा भुताच्या नियमांचा. आपल्याकडच्या भुतांना नियम असतात, म्हणून ती भिववतात. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, चकवा वाट चुकवणार, हडळीची पावलं उलटी. कोकणात-गोव्यात देवचार राखण करतो, पण त्याचा मान चुकला तर गाठतो. नियम आधी माहीत असतो आणि माणूस तो मोडतो, तिथून कथा सुरू होते. 'झी हॉरर शो'त बहुतेक उलटं. भूत काय करू शकतं हे कुठेच ठरलेलं नसतं, आणि शेवटच्या दहा मिनिटांत एक बाबा येऊन सांगतो की याला अमुक त्रिशुळानेच मारता येतं. प्रेक्षकाला हातात काहीच मिळालेलं नसतं. भिंतीतून जाणाऱ्या भुताला नायिका कडी लावून अडवते, असं दिसतं ते यामुळेच. याला पैसे लागत नाहीत. पहिल्या भागात दोन वाक्यं लागतात.

रत्नाकर मतकरींच्या गूढकथांवरची 'गहिरे पाणी' अल्फा मराठीवर यायची, तिच्याकडेही बघा. खर्चाच्या बाबतीत ती या दोन्हींहून साधी, मुखवटे नाहीत, धूर बेताचा. पण प्रत्येक कथेत एक चमत्कारिक अट आधी मांडलेली असते, मग ती अट हळूहळू आवळत जाते. तुमच्या कार्यक्रमात मराठी दुवा हवा असेल तर एवढा उल्लेख तरी करा.

दैनंदिन मालिकांपेक्षा अशा सुट्या कथांच्या मालिकेला एक मोठा फायदा असतो, तो मात्र दोन्ही मालिकांनी वापरलाय. पुढच्या महिन्यात कुणीच लागत नसतं. म्हणून नायकही मरू शकतो, आणि मरतो. ओळखीचा चेहरा आहे म्हणजे वाचणार, असा भरवसा प्रेक्षकाला नसतो.

कंदील

तिघांचेही आभार, एवढं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन सावल्यांची खूण लगेच तपासली, खरंच सापडतात.

पण मुखवट्यांचं काय? मुलं सर्वात जास्त तिथेच हसतील अशी भीती आहे. आणि टेपचा राखाडीपणा कसा घालवायचा, हे अजून राहिलंय.

रंगपेटी

मुखवट्यांवर मी लिहिते.

अख्ख्या डोक्यावर चढवायचा रबरी मुखवटा फसतो तो चार जागी. डोळ्यांभोवती: भोकातून नटाची खरी त्वचा दिसते, तिचा रंग मुखवट्याच्या रंगाशी जुळत नाही. ओठ: नट किंचाळतो पण रबराचे ओठ हलत नाहीत. मान: मुखवटा जिथे संपतो तिथे कडा उचललेली दिसते, म्हणून भुतांना उंच गळ्याचे काळे झगे घालतात. आणि चौथी, सगळ्यात वाईट जागा म्हणजे हात. चेहऱ्यावर सगळी मेहनत करायची आणि हात तसेच सोडायचे, स्वच्छ कापलेल्या नखांसकट. भूत गळा धरायला हात पुढे करतं आणि तेच हात जवळून दिसतात. माझ्या मते हसू चेहऱ्यापेक्षा हातांमुळे जास्त येतं.

अख्ख्या मुखवट्यापेक्षा चेहऱ्यावर थेट केलेलं काम स्वस्तही पडतं आणि टिकतंही. द्रव लेटेक्स (रबराचा पातळ चीक) आणि कापूस किंवा टिश्यू पेपर, एकावर एक तीन-चार थर. प्रत्येक थर हेअर ड्रायरच्या कोमट हवेत पूर्ण वाळू द्यायचा, तेव्हाच पुढचा. कडेला टिश्यू फाडून लावायचा, कात्रीने कापून नाही. कापलेली कड सरळ रेषेत दिसते, फाडलेली त्वचेत मिसळते. यात जातो तो वेळ, दोन-तीन तास सहज. आठवड्याच्या मालिकेत नटाला दोन-तीन तास बसवून ठेवणं परवडत नाही, तयार मुखवटा दोन मिनिटांत चढतो. म्हणजे इथेही पैशापेक्षा वेळेचीच टंचाई आहे. (कुणी करून बघणार असेल तर: लेटेक्सची अनेकांना अ‍ॅलर्जी असते, आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबायचं. भुवयांवर लावायचंच नाही.)

रक्ताची गोष्ट तिरपा_उजेड यांच्या निळ्या जेलशी जोडलेली आहे. निळ्या उजेडात लाल रंग काळा दिसतो. घट्ट, गडद, खरं वाटेल असं रक्त बनवलं आणि निळ्या दिव्याखाली नेलं, तर पडद्यावर ते डांबर दिसतं. म्हणून रात्रीच्या दृश्यात रक्त मुद्दाम भडक करतात. मग तेच रक्त पुढच्या शॉटमध्ये साध्या दिव्याखाली आलं की सरबत. तुम्हाला जिथे रक्त खोटं वाटतं तिथे आधी दिव्याचा रंग बदललाय का ते बघा. लिक्विड ग्लुकोज, खायचा लाल रंग आणि चिमूटभर कोको, हे मिश्रण साध्या उजेडात उत्तम. निळ्यात कोको वगळावा.

जिथे मुखवटा जमलाय ती दृश्यं बघितलीत तर तीन गोष्टी सापडतील. तो बाजूच्या उजेडात आहे, ओला आहे (ग्लिसरीन चोपडलं की रबरावर चमक येते आणि ते मांसासारखं दिसतं), आणि दीड-दोन सेकंदांच्या वर पडद्यावर नाही. तोच मुखवटा समोरच्या उजेडात दहा सेकंद उभा केला की संपलं.

म्हणून कथा निवडताना सल्ला: ज्या कथेत भूत शेवटच्या भागापर्यंत पूर्ण दिसत नाही तीच घ्या. पहिल्याच भागात तोंड दाखवलेली कथा तुमच्या प्रेक्षकापुढे तरणार नाही.

जुनी_टेप

दाखवण्याचं माझ्याकडे.

पहिली गोष्ट चित्राचा आकार. मूळ चित्र ४:३ आहे. नेटवर चढवताना अनेकांनी ते १६:९ मध्ये ताणलंय, त्यामुळे प्रत्येक चेहरा एक तृतीयांश रुंद झालाय. रुंद भूत गुबगुबीत दिसतं, त्यावर कुणीही हसेल. ओळखायची युक्ती: घड्याळ, ताट, चंद्र, काहीही गोल शोधा. लंबगोल दिसलं तर ताणलेलं आहे. फाइल असेल तर व्हीएलसीमध्ये (व्हिडिओ चालवायचं सॉफ्टवेअर) 'ए' दाबत ४:३ वर या. थेट नेटवरून दाखवणार असाल तर प्रोजेक्टरच्या मेनूत ४:३ निवडा, ताणलेलं चित्र मूळ आकारात बसेल. पण जे चित्र आधीच दोन बाजूंना काळ्या पट्ट्या घेऊन आलंय त्याला हे करू नका, ते उलट उभट होईल.

दुसरं, हालचालीच्या वेळी कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात. ते इंटरलेसिंगचे, म्हणजे जुन्या टीव्हीचं चित्र एकाआड एक ओळींनी भरलं जायचं त्याचे. व्हीएलसीमध्ये 'डी' दाबून डीइंटरलेस चालू करा. टीव्हीवर दाखवत असाल तर हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद ठेवा. ती धुरात आणि मुंग्यांत गोंधळते, चेहऱ्याभोवती पाणी हलल्यासारखं दिसतं.

तिसरं, तुमचा राखाडीपणा. व्हीएचएसवरून (घरगुती व्हिडिओ टेपवरून) उतरवताना काळा रंग वर सरकतो, काळोख धुक्यासारखा होतो. ४:३ चित्राच्या दोन बाजूंच्या पट्ट्या खऱ्या काळ्या असतात, त्याच मोजपट्टी. एक अंधारं दृश्य थांबवा, चित्रातला सर्वात काळा भाग आणि शेजारची पट्टी यांची तुलना करा. ब्राइटनेस हळूहळू उतरवा, तो काळा भाग पट्टीला जवळजवळ मिळेपर्यंत. तिथेच थांबा. आणखी उतरवलंत तर धुरातल्या छटा जातील, आणि तिरपा_उजेड यांनी सांगितलेली सगळी गंमत त्या छटांतच आहे. मग कॉन्ट्रास्ट किंचित चढवा. रंग दहा-पंधरा टक्के उतरवा, कारण व्हीएचएसमध्ये लाल रंग रेषेबाहेर ओघळतो. हे दर भागाला वेगळं निघेल, प्रत्येकाचे आकडे कागदावर लिहून ठेवा.

चित्राच्या अगदी तळाशी वळवळणारी पट्टी दिसेल, आठ-दहा ओळींची. ती जुन्या टीव्हीवर चौकटीच्या आड जायची, प्रोजेक्टरवर उघडी पडते. व्हीएलसीच्या क्रॉपमधून तेवढा तळ कापून टाका.

आणि चित्र फार मोठं करू नका. हे लोकांनी २१ इंची टीव्हीवर बघायला बनवलेलं आहे. दहा फुटांच्या पडद्यावर मुखवट्याची कड, प्लायवूडचा जोड, सगळं ओरडून सांगतं. पाच-सहा फूट रुंदी पुष्कळ झाली. खुर्च्या पुढे ओढा.

पिंपळपार

जुनी_टेप यांना दुजोरा. कार्यक्रमाच्या आखणीबद्दल एक विनंती: निवडक दृश्यांची माळ लावू नका. तुकडे दाखवले की लोक हसतातच, कारण भीती साचायला वेळ मिळत नाही. कथा पूर्ण दाखवा.

कंदील

तोच प्रश्न होता. दोन तासांत दोन्ही मालिका बसवायच्या कशा? पाच भागांची एक कथाच ११० मिनिटं खाते.

जुनी_टेप

चार भागांची कथा निवडा. ८८ मिनिटं. पहिल्या भागाचं शीर्षक आणि संगीत पूर्ण ठेवा, ते कापणं अन्याय होईल. दुसऱ्या भागापासून शीर्षक आणि उजळणी वगळा, दर भागाची तीन मिनिटं म्हणजे नऊ वाचली. उरली ७९. 'आहट'ची दोन भागांची कथा ४४, तिथेही दुसऱ्या भागाची उजळणी काढा, ४१. बरोबर १२० मिनिटं. मध्यंतराची दहा मिनिटं मात्र वर धरा.

भाग जोडताना थेट काटछाट करू नका. दोन भागांमध्ये दोन सेकंद पूर्ण काळोख आणि पूर्ण शांतता ठेवा. नाही तर भागाच्या शेवटचा दणका आणि पुढच्या भागाची शांत सकाळ एकमेकांना चिकटतात आणि दणका वाया जातो.

रातकिडा

'आहट' आधी लावा. तिला कान आणि डोकं ताजं लागतं, संवादात दुवे असतात. 'झी हॉरर शो' नंतर, लोक अंधाराला सरावल्यावर.

तिरपा_उजेड

आणि म्हणूनच मध्यंतरात ट्यूबलाइट लावू नका, दाराशी एखादा मंद पिवळा दिवा पुरे. डोळे अंधाराला पुन्हा सरावायला दहा मिनिटं तरी जातात, तोवर पहिल्या भागातली काळोखी दृश्यं वाया गेलेली असतात. मोबाइल खिशात ठेवायला सुरुवातीलाच सांगा, कारण तेच.

जुनी_टेप

एक राहिलं. तिकीट लावणार असाल किंवा कार्यक्रम सगळ्यांसाठी खुला असेल तर दोन्ही वाहिन्यांकडे आधी लेखी परवानगी मागा. उत्तर यायला वेळ लागतो, पत्र याच आठवड्यात टाका. पत्रात कथेचं नाव, भागांची संख्या, तारीख, जागा आणि किती प्रेक्षक, एवढं स्पष्ट लिहा.

कंदील

पत्र उद्याच पाठवतो. चार भागांच्या, शेवटपर्यंत तोंड न दाखवणाऱ्या कथा शोधायला लागलोय. कुणाला ठाऊक असतील तर इथेच नावं टाका, मी प्रत्येकीचे ब्राइटनेसचे आकडे काढून याच धाग्यावर देईन.